‘योग्य’ घर कुणाचे? : बालसुधारगृहे आणि आपली आत्मकथने

मराठीत तुरुंगवाङ्मयाची परंपरा जुनी आहे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात आगरकर आणि टिळक यांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. सुटून आल्यावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला मानाची जागा आहे. हा डोंगरीचा तुरुंग पुढे मुलांसाठी वापरला जाऊ लागला. उमरखाडीचे रिमांड होम म्हणतात ते हेच. मुंबईच्या झोपडपट्टीत आया पोरांना ज्याचा धाक घालतात तेही हेच. दोन सुशिक्षित तरुणांनी तिथे एकशे एक दिवस काढले, त्याचे पुस्तक झाले. त्यानंतर कितीएक पिढ्यांच्या पोरांनी त्याच आवारात महिनेच्या महिने काढले, त्यांचे पुस्तक झाले नाही. आगरकरांना उणे लेखण्यासाठी मी हे म्हणत नाही. एकाच वास्तूतल्या कुणाच्या अनुभवाला वाङ्मय म्हटले गेले आणि कुणाच्या अनुभवाची फक्त रजिस्टरात नोंद झाली, हा प्रश्न समीक्षेचा आहे आणि तो समीक्षेनेच विचारला पाहिजे.

तुरुंगात लिहिलेले दुसरे एक पुस्तक याहून प्रसिद्ध आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मुलाला वळण कसे लागावे, घर कसे असावे, आई कशी असावी, याचे मराठी मनातले चित्र या पुस्तकाने पक्के केले. त्या घरात दारिद्र्य आहे, कर्ज आहे, जप्तीची बेअब्रू आहे. तरीही ते ‘संस्कारी’ घर आहे याविषयी कुणाच्या मनात शंका येत नाही. श्यामच्या हातूनही एकदा चोरी घडते. आई रागावते, शिक्षा करते, त्याला प्रार्थना करायला लावते, आणि प्रकरण तिथेच संपते. फौजदार येत नाही, पंचनामा होत नाही. ‘या घरात राहिला तर मुलगा बिघडेल’ असा अहवाल कुणी लिहीत नाही. आपल्या मुलाची चूक आपण घरातच सुधारायची, हा त्या घराचा हक्क समाजाने न बोलता मान्य केलेला आहे.

माझा सगळा मुद्दा या हक्काभोवती आहे. आपल्या मुलाला सुधारण्याचा हक्क कुठल्या घराला आहे आणि कुठल्या घराला नाही? बालगुन्हेगारी, सुधारगृहे, त्यांना पर्याय, यांविषयी आज पुष्कळ लिहिले-बोलले जाते. कोंडवाडे कमी व्हावेत, मुलांना समुपदेशन मिळावे, परिवीक्षेवर सोडावे, असे चांगले लोक म्हणतात आणि त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. परंतु कोंडण्याला जेवढे म्हणून पर्याय आहेत ते शेवटी मुलाला कुठे तरी परत पाठवतात. घरी, नातेवाइकांकडे, वस्तीत. आणि ती वस्ती, ते घर मुळातच गुन्ह्याचे उगमस्थान आहे असे ज्यांनी ठरवून टाकले आहे, त्यांच्या हातात हे पर्याय दिले तर ते कागदावरच राहतात. दलित, भटक्या आणि विमुक्त मुलांच्या बाबतीत हेच घडत आले आहे.

थोडा इतिहास पाहिला तर हे घर नाकारणे अपघाताने झालेले नाही हे दिसते. १८५७ साली मुंबईत ससून यांच्या नावाने मुलांचे सुधारगृह सुरू झाले. चुकलेल्या पोराला धंदा शिकवून माणसात आणावे, अशी त्यामागची भूमिका होती. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याने गुन्हा माणसाच्या हातून काढून जातीच्या रक्तात घातला. १८९७ च्या दुरुस्तीने तर अशा जमातींची चार ते अठरा वर्षांची मुले आई-बापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतींत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. चार वर्षांच्या पोराने कोणता गुन्हा केलेला असतो? त्याचा गुन्हा एवढाच की तो त्या घरात जन्मला. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था देशभर पसरवली आणि मुंबई इलाखाही तिच्या कक्षेत आला.

१९२४ हे साल मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. एक मुंबईचा बालक अधिनियम. मूल हे प्रौढ गुन्हेगारापेक्षा निराळे आहे, त्याला तुरुंगात टाकू नये, हा त्याचा आशय. दुसरा सुधारून वाढवलेला गुन्हेगार जमाती कायदा. पहिला कायदा म्हणतो, मूल हे मूल आहे. दुसरा म्हणतो, मूल हे जमातीचे आहे. पारध्याचे, कैकाड्याचे, मांग-गारुड्याचे पोर यांतल्या कुठल्या कायद्यात बसायचे? ते दोन्हींत बसले. पहिल्याने त्याला मूल म्हणून ‘काळजी’साठी ताब्यात घेतले आणि दुसऱ्याने जमात म्हणून संशयावरून ताब्यात घेतले. दोन्हीकडून ताबाच.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीचे नाव गेले, यादी राहिली. हजेरी कागदावरून गेली, पोलिस पाटलाच्या आणि फौजदाराच्या डोक्यातून गेली नाही. ही जुनी गोष्ट झाली असे कुणी म्हणू नये. तुरुंगातील जातिभेदाविषयी सुकन्या शांता या पत्रकार महिलेने दाखल केलेल्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तुरुंगातल्या रजिस्टरांमधला जातीचा रकाना काढून टाका, असे त्यात सांगितले. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक होऊ नये म्हणून आधी घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे पोलिसांनी पाळावीत, हेही न्यायालयाला सांगावे लागले. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाल्यावर हे सांगावे लागते, यातच सगळे आले.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा दिल्लीच्या २०१२ च्या अमानुष घटनेनंतर उसळलेल्या संतापातून झाला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट त्याने उघडली. त्याविषयी पुष्कळ चर्चा झाली. तिच्या गदारोळात याच कायद्यातील चांगल्या तरतुदींकडे मात्र आपल्या कार्यकर्त्यांचे दुर्लक्ष झाले. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा, असे कायद्याचे मूलतत्त्व आहे. मुलाला पोलिस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे आणावे लागते. २०१६ च्या नियमांप्रमाणे घोर गुन्हा असेल किंवा प्रौढांबरोबर मिळून केलेला गुन्हा असेल तरच एफआयआर नोंदवायचा. बाकी प्रकरणांत स्टेशन डायरीतली नोंद आणि मुलाच्या सामाजिक परिस्थितीचा अहवाल पुरे. साधी चोरी कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्ह्यात मोडते. तिची चौकशी ठरलेल्या आणि वाढवून दिलेल्या मुदतीत संपली नाही तर प्रकरणच बंद होते. दोष सिद्ध झाला तरी समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, दंड, आई-बापांच्या किंवा ‘योग्य व्यक्ती’च्या हमीवर परिवीक्षा, असे कितीतरी मार्ग मंडळापुढे असतात. विशेष गृहात पाठवणे हा त्या यादीतला अगदी शेवटचा मार्ग आहे. थोडक्यात, श्यामच्या आईने जे केले तेच कायदा बहुतेक मुलांच्या बाबतीत करायला सांगतो.

मग अडते कुठे? अडते ते बाराव्या कलमाच्या शेपटात. कलम म्हणते, मुलाला जामिनावर सोडावे, मग गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. मात्र सुटकेमुळे ते एखाद्या माहीतगार गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याची शक्यता असेल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका असेल, किंवा न्यायाचा हेतू विफल होणार असेल, तर सोडू नये. कारणे लिहून ठेवावीत. वाचायला हा अपवाद शहाणपणाचा वाटतो. पण पारध्याच्या पालावर तो लावून पाहा. बाप पोलिसांच्या यादीत. चुलता यादीत. मोठा भाऊ कुठल्याशा संशयावरून दोनदा आत जाऊन आलेला. म्हणजे मुलाचे सगळे घरच ‘माहीतगार गुन्हेगार’. ती यादी केली कुणी? पोलिसांनी. तिच्या आधारावर मुलाला घरी सोडणे धोक्याचे आहे असे म्हणणार कोण? तेच पोलिस. ज्या कायद्याने जात काढून टाकली त्याच्या मागच्या दाराने यादीच्या रूपात ती आत येते, आणि इतरांसाठी जो अपवाद तो आपल्या पोरांसाठी नियम होतो.

इथे मला आपल्या आत्मकथनांकडे वळायचे आहे. ‘बलुतं’ १९७८ साली आले. ‘उपरा’ १९८० चे, ‘अक्करमाशी’ १९८४ चे, ‘उचल्या’ १९८७ चे. ही पुस्तके मोठ्या माणसांनी लिहिली असली तरी त्यांचा गाभा बालपणाचा आहे. आपल्या समीक्षेने ती वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांत बसवली. प्रस्थापित समीक्षेने त्यांच्यात ‘दाहक वास्तव’ पाहिले आणि हळहळ व्यक्त केली. पण ही पुस्तके घराविषयीची साक्ष आहेत, आणि ती साक्ष कायद्याच्या अहवालाशी समोरासमोर ताडून पाहण्यासारखी आहे, हे कुणी फारसे केले नाही. मी ते ‘उचल्या’पुरते करून पाहतो.

मंडळापुढे मूल आले की परिवीक्षा अधिकारी सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. घरात कोण कोण, त्यांचा व्यवसाय काय, मिळकत किती, घरातल्या कुणावर गुन्हे आहेत का, शेजार कसा, मुलाच्या सवयी कोणत्या, असे त्याचे रकाने असतात. लक्ष्मण गायकवाडांच्या लहानपणच्या घराचा हा अहवाल भरा. आजोबा : पोलिसांत हजेरी. भाऊ : खिसे कापण्याच्या धंद्यात. शेजार : सगळी वस्ती त्याच धंद्यातली. मुलांचे शिक्षण : नाही. पोलिसांची ये-जा : वारंवार. मुलांना मारहाण : होय, कारण पोलिसांचा मार खाऊनही पोराने नाव सांगू नये म्हणून त्याला आधी घरातच मार खायला शिकवले जाते. हा अहवाल वाचणारा कुठलाही सद्गृहस्थ एकच शेरा मारील : घर अयोग्य. आणि गंमत अशी की अहवालातला एकही शब्द खोटा नसेल.

पण त्याच घरात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिला अहवालात रकाना नाही. त्याच घरातला बाप पोराला शाळेत घालतो. वस्ती विरोधात जाते, पोरे आजारी पडतात त्याचा दोष शाळेला लावते, तरीही पोरगा शाळेत जातो. पुढे तो सूतगिरणीत कामगार होतो, चळवळीत येतो, लिहितो. ‘उपरा’त गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारा कैकाडी बाप हेच करू पाहतो. चोरीचे शिक्षण देणारे घर आणि शाळेत धाडणारे घर ही दोन घरे नव्हेत. ते एकच घर आहे. गायकवाडांनी त्यातले काहीही झाकले नाही, आणि म्हणून त्यांची साक्ष विश्वासार्ह आहे. वस्ती म्हणजे स्वर्ग असे ते सांगत नाहीत. दारू, जातपंचायतीची जुलमी सत्ता, बायकांची होणारी परवड, सगळे त्यात आहे. अहवालाला मात्र घराची एकच बाजू दिसते. त्याला चोर भाऊ दिसतो, शाळेत घालणारा बाप दिसत नाही. आपली आत्मकथने वाङ्मय म्हणून श्रेष्ठ आहेत ती मला वाटते याच कारणाने. रकान्यात न मावणारा माणूस ती दाखवतात.

आणखी एक गोष्ट समीक्षकाने सांगितली पाहिजे. ही पुस्तके निसटलेल्यांची आहेत. जो शाळेपर्यंत पोचला त्याने लिहिले. त्याच वस्तीतला जो पोरगा दहाव्या वर्षी पकडला गेला आणि मोठा होईपर्यंत या संस्थेतून त्या संस्थेत फिरत राहिला, त्याचे आत्मकथन आपल्याकडे नाही. त्यामुळे वाचकाच्या मनात एक चुकीची गोष्ट ठसते : मूल हुशार असले, जिद्दीचे असले तर ते वर येते. महाविद्यालयात ही पुस्तके शिकवताना हे मत मी अनेकदा ऐकतो. विद्यार्थी म्हणतात, “सर, लेखक वर आला, मग बाकीचे का नाही येत?” मोकळे राहण्याचा हक्क हे हुशारीचे बक्षीस आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. श्रीमंताच्या मठ्ठ पोरालाही घरी राहण्याचा हक्क असतो. आपल्या पोराला तो मिळवण्यासाठी आधी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवावा लागणार असेल तर त्याला हक्क म्हणता येणार नाही.

श्रीमंताच्या पोराचा विषय निघाला म्हणून पुण्याची घटना. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले. मोटार सतरा वर्षांचा एक मुलगा चालवत होता, असा आरोप. घर धनिक बांधकाम व्यावसायिकाचे. काही तासांत बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा आणि वाहतूक पोलिसांबरोबर काम करावे, अशा अटी होत्या. देशभर संताप उसळला आणि निबंधाची थट्टा झाली. मग त्याला निरीक्षणगृहात पाठवले गेले. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते ठेवणे बेकायदा ठरवून त्याला सोडले आणि त्याचा ताबा त्याच्या आत्याकडे दिला. दरम्यान रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आई-बापांना अटक झाली होती.

या प्रकरणात आपल्यातल्या पुष्कळांनीही ‘त्याला आत टाका’ ही घोषणा दिली. संताप रास्त होता. रक्ताचे नमुने बदलले गेले असतील तर तो पैशाचा माज आहे आणि त्याची शिक्षा ज्यांनी ते केले त्या प्रौढांना झालीच पाहिजे. परंतु मुलाला घरी सोडणे, नातेवाइकाच्या ताब्यात देणे, हे कायद्यानेच सांगितलेले आहे. आपण नेमके कशावर रागावलो? सवलतीवर रागावलो की सवलत एकालाच मिळते यावर? ‘निबंध’ हा शब्द शिवीसारखा झाला याचा परिणाम त्या घरावर होणार नाही. त्यांच्याकडे उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद आहे. परिणाम होईल तो मोबाइल चोरलेल्या वडाराच्या, पारध्याच्या पोरावर. त्याला सोडताना यापुढे मंडळाचा हात कचरेल. मला त्या निकालातला एकच शब्द महत्त्वाचा वाटतो : आत्या. आई-बाप कोठडीत असतानाही न्यायालयाला त्या मुलासाठी एक योग्य घर सापडले. पारध्याच्या पोरालाही आत्या असते. फरक इतकाच की तिला कुणी विचारत नाही, आणि ती आपण होऊन आली तर तिचीच झडती होते.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असेही नाही. दलित साहित्याच्या चर्चेत अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीचा उल्लेख आपण नेहमी करतो, म्हणून तिथला अनुभवही सांगतो. ज्या १९७२ मध्ये आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली आणि ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला, त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यात जेरोम मिलर या अधिकाऱ्याने मुलांची मोठी सुधारगृहे बंद करून टाकली. मुले घरी, पालक कुटुंबांत, लहान लहान निवासांत गेली. जग बुडाले नाही. पुढे २००० पासून अमेरिकेत कोठडीतल्या मुलांची संख्या झपाट्याने उतरली. एक लाख आठ हजारांवरून २०२० मध्ये ती पंचवीस हजारांच्या घरात आली. कोंडवाडे कमी करता येतात याचा हा पुरावा आहे. पण त्याच आकड्यांच्या पोटात दुसरी गोष्ट आहे. काळ्या मुलाला कोंडले जाण्याचे प्रमाण गोऱ्या मुलाच्या चौपटीहून जास्तच राहिले. दारे उघडली, आणि आधी गोऱ्यांची पोरे बाहेर पडली. घराविषयीचा संशय तसाच ठेवून पर्याय वाढवले तर काय होते, हे त्यावरून कळावे.

मग काय करावे? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात महार-मांगांदी जातींची हजेरी बंद केली. ज्या फासेपारध्यांना गाव चोर म्हणत होते त्यांना त्यांनी घरे दिली, राखणीच्या नोकऱ्या दिल्या. विश्वास आधी दिला, लायकीचा दाखला नंतर मागितला नाही. १९२४ चे दोन कायदे वर सांगितले. त्याच १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. भाऊराव पाटलांचे सर्व जातींच्या मुलांचे साताऱ्याचे बोर्डिंगही १९२४ चेच. आणि हे सोलापूर म्हणजे तेच, जिथे गुन्हेगार म्हटलेल्या जमाती तारेच्या कुंपणाआड डांबलेल्या होत्या. एकाच शहरात मुलाला घरापासून दूर ठेवण्याच्या दोन रीती होत्या. कुंपणाच्या आत घराला गुन्हेगार ठरवून मूल ठेवलेले. वसतिगृहात घराच्या इच्छेने, घराच्या वतीने मूल आलेले. कुंपणात हजेरी होती, वसतिगृहात पुस्तक होते. वसतिगृहाच्या दाराला बाहेरून कडी नव्हती, हा मोठा फरक होता. कोंडवाड्याला पर्याय म्हणून आज परदेशी नावाच्या योजना सांगितल्या जातात. आपला पर्याय शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

काही जण विचारतील, खून-बलात्कार करणाऱ्या पोराचे काय? त्यांच्यासाठी कायद्यात तरतूद आहे, आणि काही थोड्या मुलांना काही काळ वेगळे ठेवावे लागेल हे मी नाकारत नाही. पण प्रमाण लक्षात घ्या. २०२२ साली देशात नोंदल्या गेलेल्या ५८ लाखांहून अधिक गुन्ह्यांत मुलांवरची प्रकरणे ३०,५५५ होती. शंभरात एकही नाही. त्या थोड्यांतल्या आणखी थोड्यांच्या भीतीने सगळ्या पोरांची व्यवस्था ठरवणे हे शास्त्र नव्हे. ज्याची चोरी झाली त्याचेही ऐकले पाहिजे. बहुधा तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला असतो. त्याला आपली वस्तू परत हवी असते, किंवा तिची भरपाई. पोरगा सहा महिने आत बसल्याने त्याला काहीच मिळत नाही.

या पानांचे वाचक कार्यकर्ते, विद्यार्थी, शिक्षक आहेत. त्यांच्यापुढे मी तीन साध्या गोष्टी ठेवतो. पोराला पकडल्याचे कळताच ठाण्यात जा आणि एफआयआर होतो आहे की डायरीत नोंद, ते विचारा. साध्या चोरीला एफआयआर लागत नाही हे सांगायला वकील असावे लागत नाही. दुसरे, सामाजिक तपासणी अहवाल एकट्या अधिकाऱ्यावर सोडू नका. त्याला वस्तीत घेऊन या. बापाबरोबर आत्या, मावशी, आजी, शाळेचे मास्तर, सगळ्यांना त्याच्यापुढे उभे करा आणि त्यांची नावे अहवालात येतील असे पाहा. ज्या घराला रकान्यात जागा नाही ते घर त्याच्या कानावर घाला. तिसरे, कायद्यातली ‘योग्य व्यक्ती’ म्हणजे कुणी साधुसंत नव्हे. मुलाची जबाबदारी घ्यायला तयार असलेल्या कुणालाही चौकशी करून तशी मान्यता देता येते. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, कारकून आहेत, परिचारिका आहेत, वसतिगृहांचे अधीक्षक आहेत. बुद्धविहारे आहेत, समाजमंदिरे आहेत. प्रत्येक जिल्ह्यात अशी दहा माणसे मंडळापुढे जाऊन ‘हा पोरगा आमच्याकडे द्या’ म्हणाली, तर बाराव्या कलमाच्या त्या शेपटाला धरून कुणाला पोर आत ठेवता येणार नाही.

आणि लेखकांना एक विनंती. डोंगरीच्या त्या वास्तूत राहून आलेली माणसे आज पन्नाशी-साठीची आहेत. रिक्षा चालवतात, मालधक्क्यावर काम करतात, काही आपल्या सभांना सतरंज्या अंथरतात. त्यांच्याजवळ बसा. त्यांचे दिवस एकशे एकपेक्षा कितीतरी जास्त भरतील. ते लिहून घेतले पाहिजेत, म्हणजे ‘अयोग्य घर’ हा शेरा मारणाऱ्याला निदान एकदा ते वाचावे लागेल.